वर्गात एकच कॅमेरा: एक्स्पोजर शिकवण्यास सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा):
गावच्या शाळेत मी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रणाचा छंदवर्ग घेतो. १८-५५ मिमी लेन्सचा एक जुना डीएसएलआर कॅमेरा उपलब्ध आहे. एक्स्पोजर म्हणजे छायाचित्राचा उजळपणा ठरवणाऱ्या अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाशछिद्र), शटर स्पीड (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) यांचा त्रिकोण फळ्यावर काढून दिला की मुले तो पाठ करतात; मात्र कॅमेरा हाती येताच डायल ऑटोवर नेतात. सुरुवात नेमकी कशाने करावी?

प्रतिसाद १ (अमरावती):
सर, त्रिकोण तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गृहीत धरतो, ही एकच गोष्ट मुलांना आधी डोळ्यांनी पाहू द्यावी, आणि त्यासाठी आपल्या शिवाराइतकी सोयीची जागा नाही. वेचणीला आलेल्या पऱ्हाटीत आयएसओ १०० व अ‍ॅपर्चर एफ/८ कायम ठेवून, ए किंवा एव्ही मोडमध्ये (अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा), फुटलेल्या बोंडांनी चौकट पूर्ण भरून एक छायाचित्र घ्यावे आणि लगेच शेजारच्या काळ्या मातीचे दुसरे. कापूस मळकट दिसेल, माती राखाडी. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय) कापसासाठी +१ आणि मातीसाठी −१ करून तीच छायाचित्रे पुन्हा घ्यावीत. शटर स्पीडचा आकडा का बदलला, हे मुले आपणहून विचारतील.

पुढचा पाठ लाकडी चाकाच्या बंडीवर घ्यावा. चालत्या बंडीच्या चाकाचे आरे १/३० सेकंदाला पुसट होतात, १/१००० ला मोजता येतात. हे भर दुपारी करू नये, कारण एफ/८ कायम ठेवल्यास १/३० ला छायाचित्र पांढरेफटक पडते. दिवस कलल्यावर करावे, म्हणजे १/१००० साठी आयएसओ वाढवावाच लागतो आणि त्रिकोणाचा तिसरा कोपरा न सांगता समजतो.

प्रतिसाद २ (वर्धा):
सहमत आहे. एक भर घालतो: कॅमेऱ्याची पाळी येईपर्यंत इतर मुलांना मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडवर (जिथे सेटिंग हाताने बदलता येते) शटर आणि आयएसओचा सराव देता येईल. बहुतेक मोबाइलचे अ‍ॅपर्चर कायम असते, त्यामुळे तो भाग कॅमेऱ्यावरच शिकवावा लागेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा नीट दिसत नाही. कापसाचे एक्स्पोजर बरोबर आले हे मुलांनी ओळखायचे कसे?

प्रतिसाद १:
पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नये, हिस्टोग्राम पाहावा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती हे दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख. कापसाचा आलेख उजवीकडे सरकलेला असावा, परंतु उजव्या कडेला चिकटू नये. चिकटला तर तंतूंचा पोत गेला असे समजून कॉम्पेन्सेशन थोडे कमी करावे.