शनिवारी गच्चीवर कोणता सिनेमा लावायचा?

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. शनिवारी संध्याकाळी ७.३० ला गच्चीवर पडदा लावतोय. ‘दशावतार’ बघून आल्यापासून दिलीप प्रभावळकरांच्या सिनेमाची मागणी होती, तर यंदा त्यांचाच लावू. कोणता, ते आज रात्रीपर्यंत कळवा.

सी-७०२: झपाटलेला!!! आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांचं मत झपाटलेला.

बी-४०३ काकू: आमचीही दोन मतं झपाटलेलाला. लहान मुलं शेवटपर्यंत बसतील.

सी-७०२: पण बाहुला तर रामदास पाध्येंचा ना? मग प्रभावळकर त्यात कोण?

ए-१०१ काका: अरे बाळा, जिवंत तात्या विंचू तेच. गोळी लागल्यावर मंत्र म्हणून जीव बाहुल्यात घालतो, त्याआधीचा गुंड. सिनेमा १९९३ चा, महेश कोठाऱ्यांचा.

सी-७०२: म्हणजे मुन्नाभाईतले गांधीजी आणि तात्या विंचू एकच माणूस????

ए-१०१ काका: एकच. ‘लगे रहो मुन्नाभाई’ २००६ चा. त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, ‘शेवरी’ आणि ‘मुन्नाभाई’ दोन्ही मिळून.

ए-६०१ आजी: सूनबाई टाइप करून देतेय, मी सांगतेय. आमच्या पिढीला ते आधी चेटकीण म्हणून माहीत. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’, त्यातली चेटकीण प्रभावळकर करायचे. माझा थोरला तेव्हा पाच वर्षांचा. नाटकभर माझ्या पदरात तोंड खुपसून बसला आणि घरी येताना म्हणाला, परत कधी जायचं? मग दूरदर्शनवर चिमणराव आले. चाळीत एकच टीव्ही, तोही कृष्णधवल. ज्यांच्या घरी होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग. चिं. वि. जोशींचा चिमणराव आम्ही पुस्तकातून पाठ केलेला, त्यामुळे सगळे जरा धास्तावूनच बसले होते, हा नवा मुलगा काय करतो म्हणून. पहिल्या पाच मिनिटांत आमचे हे म्हणाले, अगं हाच तो. बाळ कर्वे गुंड्याभाऊ. काय जोडी होती!

डी-२०२ दादा: आजी, मस्त. आमच्यासाठी मात्र ते टिपरेंचे आबा. २००१ मध्ये अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली तेव्हा मी सातवीत. त्यांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. परवा जुने भाग बघताना हिशेब केला, तेव्हा त्यांचं वय होतं ५७! आबांचं चालणं, खुर्चीतून उठताना आधी हात टेकणं, मग एक क्षण थांबणं, सगळं सत्तरीच्या पुढचं. आमचे आजोबा अगदी तसेच उठायचे. आणि घर कसं होतं, शेखर आणि श्यामला भांडणार, शिऱ्या काहीतरी उपद्व्याप करणार, पण कोणी कोणाच्या वाइटावर नाही. आता आम्ही बायको-पोरांसह रात्री जेवताना एक भाग लावतो.

बी-४०३ काकू: थोडक्यात काय, विनोदी नट म्हणून त्यांना तोड नाही. म्हणूनच झपाटलेला लावा.

ए-१०१ काका: वहिनी, ‘विनोदी नट’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नका हो. मी ‘हसवाफसवी’ रंगमंदिरात तीनदा पाहिलंय. लिहिलं त्यांनीच, आणि एकाच प्रयोगात सहा भूमिका. कपडे, विग, आवाज, चाल सगळं विंगेत मिनिटामिनिटांत बदलायचं. आधीच्या सोंगांना थिएटर गडगडून हसायचं. आणि मग यायचे कृष्णराव हेरंबकर, संगीत नाटकाचे थकलेले जुने नट. सगळं थिएटर चिडीचूप. मघाशी हसून हसून डोळे पुसणारी माणसं त्याच रुमालाने पुन्हा डोळे पुसत होती. हा काय नुसता विनोदी नट?

बी-४०३ काकू: बरोबर आहे भाऊजी, शब्द मागे घेते. मग तुमचं मत कशाला?

ए-१०१ काका: माझं ‘चौकट राजा’ला.

डी-४०१: चौकट राजा चांगला आहे, वाद नाही. पण लोक गच्चीवर मोकळं व्हायला येतात. आठवडाभर दमून आल्यावर रडायला लावणारा सिनेमा नको. आणि लहान मुलं नंदूच्या बोलण्याला हसली तर आपल्यालाच ओशाळं होईल.

बी-३०१ ताई: मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही. पण यावर लिहायलाच हवं.

माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तीन वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला आणि त्याची समज तिथेच थांबली. तुम्ही त्याला लिफ्टजवळ पाहिलं असेल, प्रत्येकाला मजला विचारतो. मी लहान असताना वाड्यातली मुलं त्याच्या मागे ओरडत पळायची. मी त्यांना कधी अडवलं नाही. उलट शाळेत कोणी विचारलं तर मला भाऊच नाही म्हणून सांगायचे.

१९९१ मध्ये चौकट राजा लागला. बाबांनी चौघांची तिकिटं काढली. दादाच्या शेजारी बसायचं म्हणून मी धुसफुसत होते. आणि पडद्यावर नंदू आला. लहानपणीच्या अपघातानंतर शरीराने वाढलेला, मनाने तेवढाच राहिलेला. प्रभावळकर तेव्हा सत्तेचाळिशीच्या आसपास होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मला दिसत होता तो आमच्या घरातला मुलगा. आनंद झाला की अख्ख्या अंगाला होणारा आनंद. समोरचा चिडलाय हे कळतं, पण का चिडलाय ते कळत नाही, तेव्हा चेहऱ्यावर येणारा गोंधळ. हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही हो, आम्हाला घरच्यांनाच माहीत असतं. त्यांनी ते कुठून पाहिलं असेल?

मध्यंतरात दादा खुर्चीतून उठेना. बाबा म्हणाले, चल, बाहेर जाऊन येऊ. तर म्हणाला, नंदू आत आहे, एकटा राहील. त्या दिवशी मध्यंतरभर मी त्याच्याजवळ बसून राहिले. माझ्या आठवणीत बाहेर सगळ्यांसमोर मी त्याचा हात धरला तो तेव्हाच.

आणि वाड्यातली मुलं लगेच शहाणी झाली नाहीत. पण सिनेमा टीव्हीवर लागला, सगळ्यांनी पाहिला, त्यानंतर त्यातल्या एकाच्या आईने दादाला पहिल्यांदा वाढदिवसाला बोलावलं. सुलभा देशपांडेंनी केलेली नंदूची आई बघून तिला माझी आई आठवली असं ती म्हणाली. तेव्हा मुलं हसतील म्हणून लावू नका असं नका म्हणू. हसली तर हसू देत, पंधरा मिनिटांनी थांबतील. आम्ही पाहिलंय.

ए-६०१ आजी: पोरी, इतकी वर्षं शेजारी आहोत, हे कधी बोलली नाहीस.

ए-१०१ काका: ताई, कुठून पाहिलं असेल विचारलंत, म्हणून सांगतो. साधारण त्याच सुमारास ते जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त काम करत होते. त्यात अशाच मुलाचे वडील. मुलगा अतुल परचुरे करायचा. म्हणजे रंगमंचावर त्या मुलाकडे बापाच्या नजरेने बघायचं आणि सिनेमात स्वतः ते मूल व्हायचं. कोणी कोणाला काय दिलं हे मी सांगू शकत नाही, पण मला ती दोन कामं एकमेकांपासून कधी वेगळी करता आली नाहीत.

डी-४०१: ताई, मी चुकीचं बोललो. माझं मत चौकट राजाला.

सी-७०२: आमच्या मजल्याचंपण. झपाटलेला पुढच्या वेळी लावाल ना पण?

बी-४०३ काकू: दिवाळीच्या सुट्टीत नक्की. मी स्वतः चहा करते शनिवारी.

सेक्रेटरी: ठरलं. चौकट राजा, शनिवार, ७.३०. ज्येष्ठांसाठी खुर्च्या, बाकीच्यांनी सतरंज्या आणाव्यात. ताई, दादांना घेऊन या.

बी-३०१ ताई: आणते. त्याला मोठा आवाज सहन होत नाही, स्पीकर जरा कमी ठेवाल का? आणि मध्यंतरात तो उठणार नाही, त्याला कोणी आग्रह करू नका.

सेक्रेटरी: स्पीकर मागे लावतो. पहिल्या रांगेत कठड्याच्या बाजूला दोन खुर्च्या तुमच्या.

डी-२०२ दादा: तीन ठेवा काका. मध्यंतरात मीपण बसेन त्यांच्याजवळ.