जड अणूंचं प्रॅक्टिकल ठेवायचं की काढायचं?

वाघूरकाठ (धागाकर्ती):
आमच्याकडे एम.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलतोय आणि बैठकीत पहिली कुऱ्हाड पडली ती माझ्या लाडक्या प्रॅक्टिकलवर: लायसोझाइमचा (अंड्यातल्या एका प्रथिनाचा) स्फटिक पाऱ्याच्या क्षारात भिजवणे. "आल्फाफोल्ड आलंय मॅडम, आता हे कशाला?" एवढंच कारण. (आल्फाफोल्ड म्हणजे प्रथिनाची रचना भाकित करणारा संगणक प्रोग्राम.)

विषय नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की डिटेक्टरवर ठिपके उमटतात. ठिपका किती गडद ते मोजता येतं, पण ती लाट कुठल्या टप्प्यात, म्हणजे कुठल्या फेजमध्ये पोचली, ते हरवतं. आणि फेज नसेल तर रचना नाही. मॅक्स पेरुट्झ हा शास्त्रज्ञ हिमोग्लोबिन घेऊन वर्षानुवर्षं इथेच अडला होता. १९५४ मध्ये त्याच्या गटाने दाखवलं की स्फटिक न मोडता प्रथिनाला पारा चिकटवता येतो. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. कार्बनचे इलेक्ट्रॉन ६, पाऱ्यासारख्या जड अणूचे ८०, त्यामुळे ठिपक्यांचा गडदपणा मोजता येईल इतका बदलतो. त्या फरकावरून आधी पारा कुठे बसलाय ते शोधायचं आणि मग त्याच्या आधाराने फेज. १९६२ चं नोबेल पेरुट्झ आणि केंड्रू यांना मिळालं ते या वाटेने.

माझं मत, ठेवावं. स्फटिक म्हणजे दगड नव्हे, त्यात साधारण निम्मं पाणीच असतं, हे पुस्तकात वाचून पटत नाही. पोरगी नायलॉनच्या बारीक फासात स्फटिक उचलते, दुसऱ्या थेंबात सोडते, आणि सूक्ष्मदर्शकातून बघता बघता त्याला तडा जातो. "मॅडम, गेला!" ती किंकाळी मला दरवर्षी ऐकायची आहे. (मे महिन्यात लोडशेडिंग झालं की इनक्यूबेटर बंद, आणि उष्णतेने लायसोझाइमचे स्फटिक आपोआप विरघळतात. ओलं पोतं गुंडाळलेल्या माठात आम्ही डबी ठेवून बघितली आहे. हसू नका, दोनदा वाचले.)

अमळनेरकर:
ताई, आदर राखून सांगतो, काढा. मी हैदराबादला याच कामात आहे. चार वर्षांत एकदाही पाऱ्याची बाटली उघडलेली नाही. मॉडेल संगणकाकडून घ्यायचं, ते ठिपक्यांवर बसवायचं, फेज तिथून निघतात. २०२२ पासून वीस कोटींहून जास्त प्रथिनांची भाकितं फुकट पडून आहेत, २०२४ च्या रसायनाच्या नोबेलचा अर्धा वाटाही त्याच कामाला गेला. तुमच्या पोरांना ते तास पायथन प्रोग्रामिंगला द्या. किंकाळीने नोकरी लागत नाही.

केळीबाग:
मी शेतकरी, बीएस्सीपर्यंतच शिकलो, पण पाऱ्यावर बोलतो. आमचे आबा उसाच्या बेण्याला पाऱ्याचं औषध लावायचे, मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराईड. उघड्या हातांनी बादलीत बुडवायचे. २०१८ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. जे शेतातून हाकललं, ते वर्गात वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या हातात कशापायी देता? १९९६ मध्ये अमेरिकेत कॅरन वेटरहान नावाच्या प्राध्यापिकेच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे थेंब पडले. हातमोजा होता तरी वर्षभरात त्या गेल्या.

वाघूरकाठ:
भाऊ, ते वेगळं संयुग. आम्ही मर्क्युरिक क्लोराईड वापरतो, अगदी थोडं.

केळीबाग:
आबाही "थोडंच" म्हणायचे.

ठिपकेमोज्या:
मॅडम, एक विचारू? लायसोझाइमवर पारा, आणि फेज निघाले का कधी?

वाघूरकाठ:
खरं सांगू? नाही. आमच्याकडे डिफ्रॅक्टोमीटर (ठिपके मोजायचं क्ष-किरण यंत्र) नाही, ओळखीच्या प्रयोगशाळेत दोनदा स्फटिक पाठवले, पारा सापडलाच नाही. मी समजले भिजवण्याचा वेळ कमी पडला. पुढच्या वर्षी दोन तासांचे सहा केले.

ठिपकेमोज्या:
सहा दिवस ठेवलेत तरी अवघड आहे. पारा घट्ट धरतो तो मोकळ्या सिस्टीनच्या (गंधक असलेलं अमिनो आम्ल) गंधकाला. लायसोझाइममध्ये सिस्टीन आठ, पण आठही जोड्यांनी बांधलेले, चार डायसल्फाइड (गंधक-गंधक) पूल. मोकळा एकही नाही. पारा बिचारा बसणार कुठे? पाऱ्याचे दुसरे काही क्षार इकडेतिकडे चिकटतात, नाही असं नाही, पण शिकवण्यासाठी ही जोडी चुकीची.

पोटॅशियम आयोडाइड घ्या. साधारण अर्धा मोलर, मिनिटभर भिजवा, पुरे. हॅलाइडमध्ये (आयोडाइड, ब्रोमाइडसारख्या क्षारांत) असं झटपट भिजवण्याची रीत डाउटर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली. आयोडीन प्रथिनाच्या पृष्ठभागावर जागा मिळेल तिथे बसतं, आणि तांब्याच्या साध्या क्ष-किरण नळीवरही त्याचा विसंगत विकिरणाचा संकेत (काही अणू क्ष-किरण जरा वेगळ्या फेजने विखुरतात, त्यामुळे ठिपक्यांच्या जोड्यांत पडणारा फरक) गंधकाच्या दहापटींहून जास्त. ही विसंगतीची कल्पना फेजसाठी वापरण्यात आपले रामचंद्रन आणि रामन (ते सी. व्ही. नव्हेत, एस. रामन) १९५६ मध्येच मद्रासला पुढे होते. अभ्यासक्रमात हे नाव नसेल तर आधी ते घाला.

अमळनेरकर:
म्हणजे इतकी वर्षं प्रॅक्टिकल चुकीचं चाललं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. माझाच मुद्दा सिद्ध झाला की!

ठिपकेमोज्या:
उलटा सिद्ध झाला. कुठला अणू कुठे चिकटेल हा विचार कुणी केला नाही, म्हणून चुकलं. अमोनियम सल्फेटमध्ये वाढवलेल्या स्फटिकावर प्लॅटिनम टाकलं तर अल्कली pH ला मोकळा अमोनिया प्लॅटिनमला आधीच धरून बसतो. फॉस्फेटमध्ये युरेनिल (युरेनियमचा क्षार) टाकलं तर गाळ. ही अक्कल पायथनमधून येत नाही. आणि तुमच्या कंपनीत औषधाचे छोटे रेणू स्फटिकात भिजवून बघतात ना? हात तोच, थेंब तोच, तडाही तसाच जातो.

अमळनेरकर:
भिजवतात, पण रोबो भिजवतो. आणि मॉडेल साफ फसलं म्हणून जड अणूंकडे वळावं लागलेली प्रथिनं मी बोटावर मोजेन. त्या बोटांसाठी आख्खं सत्र?

फैजपूरचा पाहुणा:
आख्खं सत्र कोण मागतंय भो? दोन दिवस. स्फटिक इथे करा आणि पोरांना इंदूरला न्या, बऱ्हाणपूरमार्गे. तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) प्रथिन-स्फटिकांसाठी बीमलाइन, म्हणजे मोजणीची जागा, आहे, बीएल-२१. वेळ मिळणं न मिळणं त्यांच्या हाती, पण अर्ज तरी टाका. आणि लायसोझाइमच का? केळीतल्या लेक्टिनची (साखरेला चिकटणारं प्रथिन) रचना २००५ मध्ये बंगळुरूच्या विजयन यांच्या गटाने काढली. रावेर-यावलच्या पोरांना आपल्या घडात काय आहे ते तरी कळेल.

ठिपकेमोज्या:
केळीतून लेक्टिन शुद्ध करायला पंधरवडा जातो. लायसोझाइम अंड्यातून येतं आणि रात्रीतून स्फटिक देतं. स्वप्नं नंतर.

वाघूरकाठ:
बैठक सोमवारी आहे. प्रॅक्टिकलच्या नावातला "पारा" खोडून "आयोडाइड" लिहिलंय, तासही निम्मे केलेत. अमळनेरकर, पायथनला उरलेले निम्मे दिले, तरी तुमचं समाधान होणार नाही हे माहीत आहे.

अमळनेरकर:
नाहीच होणार. पण आयोडाइडने फेज निघाले तर ठिपक्यांची फाइल पाठवा, इथून संगणकावर चालवून बघतो.

केळीबाग:
आणि त्या पाऱ्याच्या बाटलीचं काय? मोरीत ओतू नका. घातक कचरा नेणारे परवानाधारक असतात, त्यांच्याकडे द्या.

वाघूरकाठ:
विचारलं. स्टोअरकीपर म्हणतात, मार्चपर्यंत रजिस्टरला शिल्लक दाखवायची आहे, बाटली हलवू नका.