@रिक्वेस्टबॉडी लावूनही डीटीओतली सगळी फील्ड नल, स्टेटस मात्र २०० (मदत हवी आहे)

खटपट्या:
स्प्रिंग बूट ३.२, जावा १७, लॉम्बॉक (गेटर-सेटर आपोआप तयार करणारी लायब्ररी). डीटीओ म्हणजे रिक्वेस्टमधला डेटा ठेवायचा साधा क्लास, आणि @रिक्वेस्टबॉडीने रिक्वेस्टच्या बॉडीतून तो भरला जायला हवा. एपीआयच्या डॉक्युमेंटेशनसाठी स्प्रिंगडॉक आहे. कंट्रोलरमधली मेथड:

@पोस्टमॅपिंग("/ऑर्डर्स")
पब्लिक ऑर्डर सेव्ह(@रिक्वेस्टबॉडी ऑर्डरडीटीओ डीटीओ)

पोस्टमन या एपीआय तपासायच्या टूलमधून बॉडी, रॉ, जेसन असं निवडून कस्टमरनेम, क्वांटिटी आणि पीकोड (पी लहान, सी मोठा) पाठवतो. एरर काहीच येत नाही. डीबगरमध्ये डीटीओ तयार झालेला दिसतो, पण कस्टमरनेम नल, पीकोड नल आणि क्वांटिटी ०. कन्स्ट्रक्टर, गेटर, सेटर तपासून झाले. कुठे बघू?

सह्यवारा:
आधी फाइलच्या वरच्या इम्पोर्ट ओळी बघा. रिक्वेस्टबॉडी या एकाच नावाची दोन अ‍ॅनोटेशन तुमच्या प्रोजेक्टमध्ये आहेत. एक स्प्रिंगचं, ओआरजी.स्प्रिंगफ्रेमवर्क.वेब.बाइंड.अ‍ॅनोटेशन या पॅकेजातलं. दुसरं स्प्रिंगडॉकसोबत आलेलं स्वॅगरचं, आयओ.स्वॅगर.व्ही३.ओएएस.अ‍ॅनोटेशन्स.पॅरामीटर्समधलं. आयडीई इम्पोर्ट सुचवताना दोन्ही दाखवतो आणि चुकीचं सहज निवडलं जातं. कोड कंपाइल होतो, म्हणून शंकाही येत नाही.

स्वॅगरचं अ‍ॅनोटेशन फक्त डॉक्युमेंटेशनपुरतं असतं. स्प्रिंगच्या लेखी तुमच्या पॅरामीटरवर काहीच लावलेलं नाही, आणि असा ऑब्जेक्ट दिसला की स्प्रिंग तो @मॉडेलअ‍ॅट्रिब्यूट समजून भरतो, म्हणजे यूआरएलमधल्या किंवा फॉर्ममधल्या पॅरामीटरांतून. जेसन बॉडी कुणी वाचतच नाही. पॅरामीटर नाहीत म्हणून फील्ड नल. इंट नल होऊ शकत नाही म्हणून ०.

खात्री करायला यूआरएलच्या शेवटी ?कस्टमरनेम=टेस्ट जोडून (नाव अर्थात डीटीओतल्या स्पेलिंगप्रमाणे) तीच रिक्वेस्ट पाठवा. डीटीओत "टेस्ट" आलं, तर रोग हाच.

तळटीप:
लॉगमधूनही कळेल. ओआरजी.स्प्रिंगफ्रेमवर्क.वेब या पॅकेजाची लॉग लेव्हल डीबग करा. @रिक्वेस्टबॉडी खरंच काम करत असेल तर "रीड अ‍ॅप्लिकेशन/जेसन टू" अशी ओळ येते आणि पुढे तुमचा ऑब्जेक्ट छापला जातो. ती ओळ नसेल तर जॅक्सनपर्यंत (जेसनमधून ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) बॉडी पोचलेलीच नाही, मग गेटर-सेटर कितीही तपासले तरी उपयोग नाही.

स्वॅगरचं वर्णनही हवं असेल तर इम्पोर्ट स्प्रिंगचं ठेवा आणि स्वॅगरचं अ‍ॅनोटेशन मेथडवर पूर्ण पॅकेजनावासकट लिहा. दोन्ही एकत्र नांदतात.

खटपट्या:
इम्पोर्ट स्वॅगरचंच निघालं, बदललं. कस्टमरनेम आणि क्वांटिटी येऊ लागले. पण पीकोड अजून नल. शिवाय आमचं एक जुनं एचटीएमएल पान याच यूआरएलवर साधा फॉर्म पाठवतं. ते आतापर्यंत चालत होतं, आता ४१५ (हा कंटेंट-टाइप चालत नाही) देतंय.

सह्यवारा:
४१५ बरोबरच आहे. फॉर्मचा कंटेंट-टाइप अ‍ॅप्लिकेशन/एक्स-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-फॉर्म-यूआरएलएनकोडेड असतो आणि तो वाचून तुमचा डीटीओ बनवणारा कन्व्हर्टर स्प्रिंगकडे नाही. आधी चालत होतं ते त्या चुकीच्या इम्पोर्टच्याच कृपेने. दोन्ही हवं असेल तर एकाच यूआरएलवर दोन मेथड लिहा: पहिलीच्या मॅपिंगमध्ये कन्झ्यूम्स (मेथड कोणता कंटेंट-टाइप घेते ते) जेसनचं द्या आणि पॅरामीटरवर @रिक्वेस्टबॉडी, दुसरीत कन्झ्यूम्स फॉर्मचं आणि पॅरामीटरवर @मॉडेलअ‍ॅट्रिब्यूट. आतून दोघी एकाच सर्व्हिसला बोलावतील. कोणती चालवायची ते स्प्रिंग कंटेंट-टाइप बघून ठरवतो. फॉर्ममध्ये पुढे फाइल आली तर कन्झ्यूम्स मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा द्यावं लागेल, @मॉडेलअ‍ॅट्रिब्यूट तिथेही चालतं, फाइलसाठी डीटीओत मल्टिपार्टफाइल प्रकारचं फील्ड ठेवा.

तळटीप:
पीकोडचा घोळ लॉम्बॉक आणि जॅक्सनमधला आहे. पहिलं अक्षर लहान आणि दुसरं मोठं असलं की लॉम्बॉक सेटरच्या नावात पी मोठा करतो. जॅक्सन त्या नावातला "सेट" काढतो आणि सुरुवातीची सगळी मोठी अक्षरं लहान करतो, म्हणजे पी आणि सी दोन्ही. त्याला प्रॉपर्टी दिसते ती पूर्ण लहान अक्षरांतली, तुमच्या जेसनमध्ये सी मोठा आहे. जुळत नाही.

फील्डवर नुसतं @जेसनप्रॉपर्टी लावू नका. वाचताना काम होईल, पण हाच डीटीओ उत्तरात पाठवलात तर लॉम्बॉकच्या आवृत्तीनुसार दोन्ही स्पेलिंगची दोन फील्ड जाऊ शकतात. फील्डचंच नाव प्रॉडक्टकोड करा आणि त्यावर @जेसनप्रॉपर्टीत जुनं स्पेलिंग द्या. जेसन पाठवणाऱ्या क्लायंटला काही बदलावं लागत नाही. एचटीएमएल फॉर्ममध्ये मात्र फील्डचं नवं नाव द्या, कारण फॉर्म वाचताना @जेसनप्रॉपर्टी बघितली जात नाही.

हे इतकं गुपचूप का घडलं, तर स्प्रिंग बूट अनोळखी फील्ड मुकाट्याने सोडून देतो. डेव्हलपमेंटच्या प्रोफाइलमध्ये स्प्रिंग.जॅक्सन.डीसीरिअलायझेशन.फेल-ऑन-अननोन-प्रॉपर्टीज ट्रू ठेवा. मग अशा फील्डवर लगेच ४०० (चुकीची रिक्वेस्ट) येतो आणि लॉगमध्ये फील्डचं नाव सापडतं. प्रॉडक्शनमध्ये मात्र विचार करून लावा, नाहीतर क्लायंटने एखादं जास्तीचं फील्ड पाठवलं तरी रिक्वेस्ट फेल होईल.

खटपट्या:
नाव बदलल्यावर तिन्ही फील्ड आली. दोन मेथड केल्या, फॉर्मही सुरू झाला. आता कस्टमरनेम रिकामं आलं तर अडवायचंय. @व्हॅलिड आणि @नॉटब्लँक लावलं, तरी रिकामं नाव जातंच आहे.

सह्यवारा:
स्प्रिंग-बूट-स्टार्टर-व्हॅलिडेशन डिपेंडन्सीत आहे का बघा, बूट २.३ पासून ती वेबच्या स्टार्टरसोबत येत नाही. असेल तर पुन्हा इम्पोर्टच: बूट ३ मध्ये जकार्ता.व्हॅलिडेशन लागतं. जुन्या कोडमधून जावाएक्स.व्हॅलिडेशन आलं असेल तर तेही असंच, एरर न देता दुर्लक्षित होतं. आणि डीटीओच्या आत दुसरा ऑब्जेक्ट असेल, समजा पत्ता, तर त्या फील्डवरही वेगळं @व्हॅलिड लावा, नाहीतर आतल्या अटी तपासल्या जाणार नाहीत.