वेगमर्यादेची पाटी कोणासाठी असते?

प्रश्न (राऊकर): मागच्या आठवड्यात मला वेगमर्यादेचे ई-चलान आले. इंदूरमधल्या एका रुंद, मोकळ्या रस्त्यावर माझी कार ताशी ६२ किमी वेगाने जात होती आणि मर्यादा ५० ची होती, असे त्यात म्हटले आहे. त्याच रस्त्यावर मी पन्नासने गेलो, तर मागचे हॉर्न वाजवून हैराण करतात. कॅमेऱ्याचा खांब जवळ आला की सगळ्यांचे ब्रेकलाइट वरातीतल्या दिव्यांसारखे एकदम लागतात आणि खांब मागे पडताच पुन्हा सुसाट. मग ही मर्यादा रस्त्याची म्हणायची की खांबाची?

उत्तर (पलासियाकर): केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीत कारसाठी कमाल मर्यादा ७० आणि दुचाकीसाठी ६० आहे, परंतु राज्य सरकार ती कमी करू शकते, म्हणून पाटीवरचा आकडाच खरा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७-अ नुसार घटनेपासून १५ दिवसांच्या आत सूचना मिळायला हवी, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि कॅमेऱ्यापूर्वी इशाऱ्याचा फलकही हवा. त्या नियमाच्या १३२ शहरांच्या यादीत इंदूर आहे. तेव्हा वाद घालण्याआधी चलानासोबतचा फोटो आणि तारीख पाहावी.

उत्तर (महूचा जुना ड्रायव्हर): मी बरीच वर्षे ए.बी. रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावर, गाडी चालवली आहे. स्पीड गन घेऊन पोलीस उभे असले, की समोरून येणारा डिपर मारून सावध करतो, आणि आम्ही त्याला भाईचाऱ्यातले उपकार समजत असू. पण त्या उपकाराने आम्ही दोन किलोमीटरच शहाण्यासारखे वागत होतो. ज्यांना फेऱ्यांवर पैसे मिळतात, त्यांना दंडापेक्षा उशिराची भीती जास्त असते, हेही सांगितले पाहिजे.

उत्तर (विजयनगरवाले): मी मर्यादेच्या बाजूचा आहे, खांबाच्या नाही. ताशी ६० ने जाणारी कार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचायला एक सेकंद लागला, तर तेवढे अंतर ब्रेक न लागताच जाते. ८० ला ते २२ मीटर होते आणि पुढे ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 'वीसच तर जास्त होता' हे म्हणणे पोकळ आहे. मात्र एका ठिकाणी वेग मोजण्यापेक्षा दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजला, तर हा ब्रेकलाइटचा खेळ आपोआप थांबेल. आपल्या शहराने कचऱ्याची शिस्त नुसत्या दंडाने नव्हे, तर दारात रोज येणाऱ्या गाडीमुळे अंगी बाणवली. वेगाच्या बाबतीत असे रोजचे काहीच नाही.

राऊकर: सर्वांचे आभार. फोटो उघडून पाहिला. गाडी माझीच, वेगही खराच आणि सूचनाही १५ दिवसांच्या आत आली आहे. काल मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. ५० ची पाटी आहे, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या एका फ्लेक्समागे. तिचा फक्त शून्य दिसतो. दंड भरला आहे, आणि फ्लेक्सचा फोटो काढून त्याची तक्रारही केली आहे.