शब्दचर्चा: ‘काउंटरमार्क’ला मराठीत काय म्हणावं?

शाईवेडी: नाण्यांच्या प्रदर्शनाच्या पाट्या मराठीत करतेय, एका पाटीवर अडलेय. जमैकात १७५८ साली स्पॅनिश चांदीच्या डॉलरवर ‘जीआर’ (ब्रिटनच्या जॉर्ज राजाची, ‘जॉर्जियस रेक्स’ची आद्याक्षरं) ही अक्षरं ठोकून ते नाणं अधिकृत केलं. मूळ छाप तशीच, वर हा छोटा ठसा. मी ‘शिक्का मारलेलं नाणं’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी ‘प्रतिमुद्रांकित’ केलं. कोण वाचणार ते?

टाकसाळ: पण चूक तुमचीही आहे. नाणं पाडताना शिक्का मारतातच. तुमच्या शब्दाने सगळीच नाणी त्यात आली. ‘वरठसा’ म्हणा.

कोकणी_माणूस: वरठसा छान. आमचे आजोबा सराफीत होते, रुपयाला छिन्नीची बारीक खूण करून चांदी पारखायचे. त्याला ते ‘खुणेचा रुपया’ म्हणत. ‘खुणेचा डॉलर’ का नको?

टाकसाळ: कारण ती खूण पारखीची. इथे सरकार भाव ठरवतंय.

शाईवेडी: पुढची पाटी तर आणखी अवघड. त्रिनिदादमध्ये १८११ साली डॉलरच्या मधोमध भोक पाडलं. उरलेलं कडं नऊ शिलिंगांना, मधली चकती एका शिलिंगला. व्यापारी चांदी बाहेर नेत, बेटावर सुटे उरत नसत. चांदीच्या किमतीपेक्षा नाण्याचा भाव चढा ठेवला, की ते बाहेर न्यायला परवडत नाही.

पावली: अहो, याला शब्द आहेच, मोड! आपण शंभराची मोड मागतो, त्यांनी तर नाणंच खरोखर मोडलं. मला तर वाटतं आपला शब्दही तिथूनच आला असणार, तुकडे करण्यातून. अमेरिकेत २५ सेंटना ‘टू बिट्स’ म्हणतात, तिथेही बिट म्हणजे डॉलरचा आठवा हिस्सा. आपले चार आणे तसेच.

कोकणी_माणूस: सराफाकडे मोड म्हणजे वितळवायचा जुना दागिना. पाटी वाचून लोकांना ही नाणी भट्टीत गेली असं वाटेल.

पावली: सराफाकडे असेल. बाजारात मोड म्हणजे सुटे पैसेच.

नागपूरचा: आमच्याकडे मोड कोणी म्हणत नाही, चिल्लर म्हणतात. आणि तो अस्सल शब्द आहे.

पावली: अस्सल कसला? दक्षिणेकडून आलेला आहे तो.

नागपूरचा: आला म्हणून काय झालं? माझी आजी चिल्लरच म्हणायची, आणि तिच्या मराठीला कोणी नावं ठेवलेली मला चालणार नाही.

शाईवेडी: पाट्या उद्या छपाईला जातात. वरठसा चालेल ना?