घरी बनवायचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर : आराखडा बघून चुका सांगा

ठाणेपार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोघांना झोपता येईल आणि मागचं झाकण उचललं की चहा-पोह्यांपुरता ओटा मिळेल, असा थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर बनवायचा आहे. ओढणारी गाडी दीड लिटरची डिझेल एसयूव्ही, रिकामं वजन साधारण १२५० किलो. वापर ऑक्टोबर ते मे, पवना, भंडारदरा, माळशेज या पट्ट्यात. पावसाळ्याचे चार महिने तो मुंबईत सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभा राहणार, हेही धरून चाला.

आराखडा असा: तळ ८ बाय ४ फूट, म्हणजे प्लायचं अख्खं शीट न कापता. उंची ४ फूट. चॅसी ५० बाय ५० च्या ३ मिमी चौकोनी पाइपची, भांडुपच्या एका गाळ्यात वेल्डिंग करून घेणार. अ‍ॅक्सल बरोबर मधोमध, म्हणजे तोल राहील. तळ, भिंती, छप्पर सगळं १८ मिमी कमर्शियल प्लाय, आत थर्मोकोल, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दिव्यांची वायर गाडीच्या टेललॅम्पमधून फोडून घेणार.

कुठे चुकतंय? आणि आरटीओचं काय?

नंबरप्लेट

शेवटचा प्रश्न आधी घ्या, कारण भांडुपच्या गाळ्याला आगाऊ रक्कम द्यायची की नाही ते त्यावर ठरतं.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलर नाव घेऊन घातलेला आहे. इंजिन नाही म्हणून तो सुटत नाही. कलम ३९ प्रमाणे त्याची नोंदणी लागते, त्याला स्वतःचा नंबर लागतो. आणि त्यासाठी वाहनाचा नमुना तपासून मंजूर झालेला असावा लागतो. एका नगासाठी हे सोपस्कार परवडत नाहीत.

म्हणून चॅसी विकत, डबा घरी. मंजूर मॉडेल असलेल्या ट्रेलर-उत्पादकाकडून एका अ‍ॅक्सलची हलकी चॅसी घ्या. त्याच्याकडून फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) आणि फॉर्म २२ (रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळतो की नाही ते पैसे देण्याआधी विचारा. ‘पेपरचं नंतर बघू’ म्हणाला तर चहा पिऊन उठा. डब्याचं रेखाचित्र आरटीओच्या निरीक्षकाला आधीच दाखवा. कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मागाहून करता येत नाही.

अजून दोन गोष्टी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगची मर्यादा बघा. बऱ्याच गाड्यांना ती दिलेलीच नसते किंवा सरळ मनाई असते. आणि विमा कंपनीकडून ट्रेलरबद्दल लेखी उत्तर घ्या, फोनवरचं नको.

तोलमाप

वरच्या प्रतिसादाशी सहमत. चॅसी विकत घेतलीत तरी अ‍ॅक्सल कुठे हवा हे ऑर्डर देताना तुम्हालाच सांगावं लागेल, आणि मधोमध हे उत्तर चूक आहे.

मधोमध अ‍ॅक्सल म्हणजे तराजू. मागे ओटा, शेगडी, पाणी आलं की मागची बाजू जड होते, नाक वर उठतं आणि बॉलला (गाडीच्या टो-हुकवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो) वरच्या दिशेने ओढतं. गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि साठ-सत्तरच्या पुढे ट्रेलर शेपूट मारायला लागतो. नाकावर, म्हणजे बॉलवर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. ४०० किलोच्या ट्रेलरला ४० ते ६०. त्यातही टो-हुकवर छापलेली उभ्या भाराची मर्यादा ओलांडायची नाही. ती बऱ्याचदा ५० ते ७५ किलो असते.

हिशेब करून दाखवतो. डबा २४४० मिमी लांब, दांडा डब्याच्या पुढे १००० मिमी. भरलेल्या डब्याचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून १२२० वर आहे असं धरू. अ‍ॅक्सल १४९५ वर ठेवला तर बॉल ते अ‍ॅक्सल अंतर २४९५, आणि गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या २७५ मिमी पुढे. नाकावरचा भार = ४०० × २७५ ÷ २४९५ = ४४ किलो. म्हणजे डब्याच्या लांबीच्या साधारण ६१ टक्क्यांवर अ‍ॅक्सल. आता २० लिटरचा पाण्याचा कॅन मागच्या ओट्याखाली, २३०० वर ठेवा: नाकावरून साडेसहा किलो गेले. तोच कॅन पुढच्या भिंतीला टेकवून ठेवलात तर नाकावर जवळजवळ १२ किलो वाढतात. पाणी पुढे, भांडीकुंडी मागे, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

मोजायला वजनकाटा बाथरूमचाच घ्या. सामान भरून, ट्रेलर सपाट उभा करून, कपलिंग (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) काट्यावर ठेवलेल्या ठोकळ्यावर टेकवा. ठोकळ्याची उंची अशी हवी की नाक प्रवासात असतं त्याच पातळीवर राहील. नाक खाली झुकवून मोजलं तर आकडा फसवा येतो.

एवढं करूनही ट्रेलर झोलायला लागला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. उलटसुलट वळवून सावरायला गेलात की झोला वाढतो.

चॅसी घेताना वेल्डिंग बघा. दांडा जिथे डब्याच्या पुढच्या आडव्या पाइपखालून जातो तिथे सगळ्यात जास्त वाक येतो. तिथे दांड्याच्या वरच्या-खालच्या पृष्ठावर आडवी वेल्ड मारलेली असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. वेल्ड पाइपच्या लांबीच्या दिशेने, बाजूच्या पृष्ठांवर हवी. समुद्राची हवा आहे, तेव्हा हॉट डिप गॅल्व्हनाइझ (वितळलेल्या जस्तात बुडवून) करून मिळत असेल तर जास्तीचे पैसे द्या. फक्त प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांना ८ ते १० मिमीची भोकं आहेत ना बघा. ती नसली तर वितळलेल्या जस्तात आतली हवा आणि ओल फुगून पाइप फुटतो.

बॉल ५० मिमीचा की २ इंची, हेही विचाराच. २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. २ इंची कपलिंग ५० च्या बॉलवर बसतं, पण सैल बसतं, आणि खड्ड्यात उचकटू शकतं. सेफ्टी चेन दोन, कपलिंगच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या, म्हणजे कपलिंग सुटलं तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

टायर १४५/७० आर१२ चालेल. लोड इंडेक्स ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो, दोन मिळून ६५०. ब्रेक नसलेला ट्रेलर घाट उतरताना सगळा भार गाडीच्या ब्रेकवर टाकतो. माळशेज उतरताना दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका.

ओलावा

लाकडाचं मी बोलतो.

१८ मिमी सगळीकडे म्हणजे वजन फुकट. ८ बाय ४ चं १८ चं शीट साधारण ३७ किलो, १२ चं २५, ६ चं साडेबारा. तुमच्या आराखड्यात सहा शीट लागतील, म्हणजे सव्वादोनशे किलो नुसतं लाकूड. आणि १८ मिमी प्लाय छपराच्या गोलाईला वाकणारच नाही. तळ १२, भिंती १२, आतली फडताळं ९, छपराला दर ३०० मिमीवर आडव्या पट्ट्या आणि त्यावर ६ मिमी. हे सगळं मिळून ११० किलोच्या आसपास बसतं.

कमर्शियल प्लाय मुंबईत दोन पावसाळ्यांत पदर सोडतो. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. निदान तळाला आणि भिंतींच्या खालच्या कडेला तरी तडजोड नको. तळ १२२० रुंद ठेवा आणि भिंती तळाच्या बाहेरून, २५ मिमी खाली उतरवून बसवा. त्यामुळे आत पूर्ण चार फूट मिळतात आणि तळाची कड भिंतीमागे झाकली जाते. पाणी प्लायमध्ये शिरतं ते कडेतून. प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक स्क्रूचं भोक इपॉक्सीने भरा. खिडकी-दाराची भोकं कापल्यावर कड सील करायची राहते, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते.

इपॉक्सी दमट हवेत सुकली की वर मेणासारखा चिकट थर येतो. तो पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुऊन काढा, मग पुढचा हात द्या. आधी सॅंडपेपर मारलात तर तो थर घासून आत जातो आणि पुढचा हात सोलून निघतो. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

थर्मोकोल नको, एक्सपीएस (जास्त घट्ट पॉलिस्टायरीन फोम) शीट घ्या. पिवळा रबर सोल्युशन लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट दोन्ही विरघळवतं. पॉलिएस्टर रेझिनचंही तेच. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पाण्यावरचा गोंद चालतो.

जोडांना सिलिकॉन नको, पीयू सीलंट किंवा ब्यूटाइल टेप वापरा. सिलिकॉन एकदा सुटलं की त्याच्या डागावर दुसरं काहीच धरत नाही. पत्र्याला स्टेनलेस स्क्रू लावताना प्रत्येकाखाली नायलॉन वॉशर आणि सीलंटचा थेंब द्या. खारट हवेत स्टेनलेसला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं. स्क्रू-बिजागऱ्या नागदेवी स्ट्रीटला मिळतील, दारांचं रबर बीडिंग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. आठ-चारचं शीट लिफ्टमध्ये जात नाही, तेव्हा घरी आणायच्या भानगडीत पडू नका, गाळ्यावरच कापून घ्या.

तार आणि फ्यूज

टेललॅम्पची वायर फोडू नका. आजकालच्या गाड्यांत कंट्रोल युनिट बल्बचा करंट मोजतं. जास्तीचा भार दिसला की डॅशवर चूक दाखवतं, इंडिकेटर भराभर टकटकतो, किंवा तो आउटपुटच बंद होतो. ट्रेलर बायपास मॉड्यूल लावा: टेललॅम्पकडून फक्त इशारा घेतो, दिव्यांना वीज थेट बॅटरीवरून. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज.

सात पिनांच्या प्लगचं वाटप: १ डावा इंडिकेटर (पिवळी), २ मागचा फॉग (निळी), ३ अर्थ (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवा टेल (तपकिरी), ६ ब्रेक (लाल), ७ डावा टेल (काळी). अर्थची वायर बाकीच्यांपेक्षा जाड घ्या, २.५ चौरस मिमी. बॉल आणि कपलिंगमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे ग्रीस आणि गंज असतो. अर्थ खराब असल्याची खूण अशी: इंडिकेटर लावला की टेललॅम्पही त्याच्याबरोबर लुकलुकतो. लोक बल्ब बदलत बसतात.

आत एक १२० मिमीचा १२ व्होल्ट पंखा पुरतो. ०.२ अँपिअर धरला तर दहा तासांत २ अँपिअर-अवर. त्यासाठी शंभरची बॅटरी वाहून न्यायची गरज नाही. हवेची एक जाळी खाली, एक वर. या डब्यात हवा जेमतेम साडेतीन घनमीटर असते, त्यामुळे शेगडी आत कधीच पेटवायची नाही, पाऊस असला तरी. गॅसचा कप्पा वेगळा आणि त्याच्या तळाला भोक. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो.

ठाणेपार

सगळ्यांचे आभार. गाळेवाल्याला थांबवलंय. एक राहिलं: मागचं झाकण. बिजागरीतून पाणी येतं असं सगळीकडे वाचतोय. आणि उचलून धरायला गॅस स्ट्रट किती ताकदीचे?

ओलावा

पियानो बिजागरी (झाकणाच्या पूर्ण रुंदीची एकसलग) लावा, पण पाणी अडवायचं काम तिच्याकडे नाही. तिच्यावरून जाणारी रबराची सलग पट्टी छपराच्या बाजूला पत्र्याखाली दाबून बसवा आणि झाकणाच्या बाजूला मोकळी सोडा. दोन्ही कडांना आतून अ‍ॅल्युमिनियमचा यू चॅनल पन्हाळीसारखा लावा, खालचं टोक बाहेर काढून. थोडं पाणी आत येणारच, त्याला वाट हवी.

झाकण साच्यावरून काढलं की थोडं सरळ होतं आणि खालची कड बाहेर पडते. म्हणून फासळ्यांची गोलाई भिंतीपेक्षा किंचित जास्त काढा.

स्ट्रटचा हिशेब: झाकण १२ किलो, त्याचा मध्य बिजागरीपासून ४५० मिमी, म्हणजे सुमारे ५३ न्यूटन-मीटर. स्ट्रट २०० मिमीच्या हातावर बसला तर एकूण २६५ न्यूटन, तेव्हा १५० चे दोन. ‘जास्तीचे असू देत’ म्हणून ३०० चे लावले की बंद झाकणाला ते आतून सतत ढकलतात, सहा मिमीची पाठ फुगते, खालचं रबर सुटतं आणि गळती बिजागरीच्या नावावर खपते.

पावसाळ्यात उभा करताना नाक चार बोटं खाली ठेवा, पाणी बिजागरीवरून न जाता पुढे उतरतं. ताडपत्री पत्र्याला चिकटू देऊ नका, मधे बांबू घाला आणि दोन्ही जाळ्या उघड्या ठेवा.

आतलं अस्तर ठोकण्याआधी पाइपने पाणी मारून बघा. एकजण टॉर्च घेऊन आत, जोडांवर खडूची पूड. सुरुवात खालच्या जोडापासून, प्रत्येकाला पाच मिनिटं, मग वरचा. छपरापासून सुरू केलंत तर पाणी ओघळून सगळीकडेच दिसेल, नेमकं शिरतंय कुठून ते कळणार नाही.