मदत हवी आहे: फ्रान्समधल्या 'पिवळ्या ट्रेन'च्या छोट्या स्टेशनवरून परत कसं चढायचं?

जुलैमध्ये मी आणि बाबा (वय ६९) पर्पिन्याँला असू. तिथून साध्या गाडीने विलफ्रान्श आणि पुढे मीटरगेज 'त्रेन जोन' (म्हणजे हीच पिवळी ट्रेन) असा बेत आहे. ही लाइन लातूर-द-कारोलपर्यंत ६३ किमी आहे, पण आम्हाला मधेच तुएस-कारांसाला उतरून कारांसाची घळ बघायची आहे आणि त्याच दिवशी विलफ्रान्शला परतायचं आहे.

तुएसला गाडी फक्त मागणीवरच थांबते. उतरताना आधी कंडक्टरला सांगायचं आणि चढताना प्लॅटफॉर्मवरून ड्रायव्हरला हात दाखवायचा, इतकं कळलं आहे. वेळापत्रक पाहिलं, ॲपमध्ये स्टेशनही दिसतं. पण उन्हाळ्यात गर्दी असेल तर काय, हे कुठेच सापडलं नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे. दिवसाच्या गाड्या मोजक्याच असतात. एक हुकली तर बाबांना दरीत तासन्‌तास ताटकळावं लागेल, आणि तेही उन्हात.

गाडी भाड्याने घेणार नाही, दोघांनाही डावीकडून चालवायची सवय आहे. सामान हॉटेलवर ठेवू. फ्रेंच जेमतेम येतं. एन ११६ रस्त्यावरची बस हा पर्याय डोक्यात आहे, पण बाबांना ट्रेनच हवी आहे आणि मलाही.

या लाइनवर मधल्या स्टेशनवरून कोणी चढलं असेल तर सांगा: परतीचं तिकीट विलफ्रान्शलाच काढून ठेवावं का, आणि डबे भरलेले असतील तर हात दाखवूनही गाडी न थांबता पुढे जाते का?